चीनमध्ये राहिलेलं इष्टलिंग

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत रेवणसिद्ध आण्णांना ओळखत नाही असं घर शोधून सापडलं नसतं. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांनी उभा जन्म खांबावर चढण्या-उतरण्यात घालवला. कुणाचा फोन मुका झाला की लोक ऑफिसात तक्रार नोंदवायच्या आधी आण्णांच्या दारात यायचे. माणूस उंच, अंगानं वाळका, बोलायला कंजूष. खात्यात लागण्याआधी ते लष्करात होते, सिग्नलमध्ये तारा ओढायच्या कामावर. बासष्टच्या लढाईत चिन्यांच्या हाती सापडले आणि काही महिने कैदेत काढून परत आले, एवढं पेठेला ठाऊक होतं. त्याच्या पुढचं ठाऊक नव्हतं, कारण आण्णा सांगतच नसत.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती, पण तोंडावर कुणी काढत नव्हतं. आण्णांच्या गळ्यात लिंग नव्हतं.

लिंगायताच्या घरी मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. ते जन्मभराचं सोबती. सकाळी आंघोळ झाली की चांदीच्या करडगीतून, म्हणजे गळ्यातल्या त्या लहानशा डबीतून, ते काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, पत्री वाहायची आणि मगच तोंडात घास घालायचा. माणूस गेला की त्याला बसता ठेवून माती देतात, आणि त्याच तळहातावर तेच लिंग ठेवतात. लिंगाशिवाय माणूस मातीत कसा जाणार, हा प्रश्न लिंगायताच्या घरात सहसा कुणाला पडत नाही. मल्लव्वाला तो रोज पडत होता.

मल्लव्वा ही आण्णांची बायको, नेसरी गावची. नात्यातलीच, त्यामुळं लिंग गेल्याचं तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. आण्णा कैदेतून परत आले तेव्हा तिच्या आईनं पहिल्यांदा त्यांच्या छातीकडं बघितलं होतं. "लिंग कुटं हाय रे?" म्हणून विचारल्यावर "तिकडं ऱ्हायलं" एवढंच त्यांनी सांगितलं. गावात कुजबुज झाली. चीननं पोराला बाटवला म्हणाले लोक. आण्णांच्या वडिलांनी मठातून दुसरं लिंग आणवलं, आण्णांनी हात जोडून परत केलं. का, ते सांगितलं नाही. अशा पोराला मुलगी द्यायची का, यावर मल्लव्वाच्या घरात बरीच वादावादी झाली, आणि शेवटी मल्लव्वाच म्हणाली की मी त्यांना आणते वळणावर.

ते वळण काही आलं नाही. मल्लव्वा पहाटे उठून आंघोळ करून पूजेला बसायची. नवराबायकोनं शेजारी शेजारी बसून लिंगपूजा करावी ही रीत. तिच्या शेजारचा पाट ती रोज मांडायची आणि तसाच उचलून ठेवायची. आण्णा तेवढा वेळ उंबऱ्यावर बसून पेपर वाचत. पूजा संपल्याशिवाय चहा मागत नसत, आवाज करत नसत. देवाला नावं ठेवणारा माणूस नव्हता तो. म्हणून तर तिला जास्त लागायचं.

एकदा श्रावणात तिनं न विचारता घाट घातला. जंगमांना, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहितांना, आय्या म्हणतात. त्या आय्यांना तिनं सोमवारी बोलावलं, नवं लिंग, नवी करडगी, शिवदाराचा पांढरा दोरा, सगळं ताटात मांडलं. आण्णा कामावरून आले, ताट बघितलं, आय्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "आय्या, जेवूनच जावा. पर ते माझ्या गळ्यात नगं." आय्या गेल्यावर मल्लव्वानं त्यांना अडवलं.

"का नगं? येवडं तरी सांगा की!"

"एकदा दिलंय मला माझ्या आईबापानं. दोनदा कशाला?"

"ते हाय कुटं मग?"

"हाय म्हंजे झालं," असं म्हणून ते विजेरी घेऊन कुणाच्या तरी फोनची तार बघायला निघून गेले.

दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर आण्णांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मल्लव्वाला बाजूला घेऊन सांगितलं, जपा, जिना चढू देऊ नका, मन शांत ठेवू द्या. ती "व्हय व्हय" म्हणत राहिली, पण तिच्या डोळ्यांपुढं आण्णांचा उघडा रिकामा तळहात येत होता. हा माणूस असाच गेला तर त्या हातावर मी काय ठेवू? मातीत त्याला कुणाच्या भरवशावर बसवू? त्या दिवसापासून तिचं एकच मागणं होतं: ह्यांनी जायच्या आधी लिंग घ्यावं.

त्याच हिवाळ्यात त्यांची मुलगी भूमिका एक बातमी घेऊन आली. ती गावातच दिलेली, कॉलेजात इतिहास शिकवायची. त्यांच्या कॉलेजात तीन दिवसांची व्याख्यानं होती. चिनी साहित्य, इतिहास आणि संस्कृती. दिल्लीचे एक प्राध्यापक मिश्रा आणि खुद्द चीनहून आलेल्या वेनबाई नावाच्या वयस्क विदुषी. भूमिकेनं सहज सांगितलं, वडिलांना आवडणार नाही म्हणून जरा भीत भीतच.

आण्णांनी पेपर खाली ठेवला. "कुटं हाय? किती वाजता?"

संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर गणपतरावांना सुगावा लागलाच. गणपतराव म्हणजे पेठेतले जुने पैलवान. पोट सुटलं तरी जिभेचे डाव शाबूत.

"आण्णा, चिनी पावणं आल्यात म्हणं गावात. जाऊन बगा की, वळखीचं कोण निगतंय का!"

"जातो की. तुमचा काय निरोप?"

"माझा? सांगा त्यानला, कोल्हापुरात आलाय तर तांबडा रस्सा खाऊन जावा. परत कुटं लढाय उठणार न्हाईत."

कट्टा हसला. आण्णाही हसले, पण घरी आल्यावर त्यांनी पेटीतला इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला लावला. मल्लव्वा बघत राहिली. लेकीच्या लग्नानंतर तो सदरा त्यांनी घातला नव्हता.

पहिल्या दिवशी ते एकटे गेले. दुसऱ्या दिवसापासून मल्लव्वा सोबत निघाली. डॉक्टरांनी एकटं सोडू नका म्हटलं होतं, तेवढं निमित्त पुरलं. सभागृहात हजेरीसाठी बसवलेली पोरं होती, काही शिक्षक, काही पेन्शनर. वेनबाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, गळाबंद जाकीट घातलेल्या. त्या चिनीत बोलायच्या, मिश्रा हिंदीत सांगायचे, आणि भूमिका अवघड जागी मराठीत. मल्लव्वा पदराआड जपाचे मणी ओढत होती. हळूहळू बोटं थांबली. वेनबाई सांगत होत्या की त्यांच्याकडं सीमेवर गेलेल्या शिपायांवर शेकडो वर्षं कविता होत आल्या आहेत. थंडी लागली की घरच्या बाया नवऱ्यासाठी कापूस भरलेले कपडे शिवायच्या आणि पाठवून द्यायच्या, ते घालायला तो जागेवर असेल की नसेल, हे माहीत नसताना.

मल्लव्वानं आण्णांकडं बघितलं. ते पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून बसले होते.

प्रश्नांच्या वेळी एका पोरानं विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं साप खातात हे खरं का?" सगळे हसले. वेनबाई पण हसल्या आणि म्हणाल्या, आमच्या गावात नाही खात, पण इथल्या मिरचीपेक्षा साप सोपा असावा. आण्णा उठायला गेले आणि परत बसले.

तिसऱ्या दिवशीचा विषय होता घर, देव आणि पूर्वज. वेनबाईंनी सांगितलं की जुन्या घरात पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या असायच्या, त्यांच्यापुढं सकाळी उदबत्ती लागायची, सणाला पहिलं ताट त्यांचं. वर्षातून एकदा सगळं घर समाध्या झाडायला जायचं. कुणी परमुलखात मेला आणि देह मिळाला नाही, तर त्याचे कपडे पुरून त्याची समाधी करायची. "आपल्यागतच की हे," मल्लव्वा पुटपुटली.

शेवटी मिश्रांनी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं. आण्णा उभे राहिले. लष्करातल्या हिंदीत, अडखळत, पण तार ताणून धरल्यासारख्या सरळ आवाजात त्यांनी सांगायला सुरुवात केली.

ते सिग्नलचे जवान. बासष्ट साली पकडले गेले, बर्फातल्या छावणीत ठेवले गेले. तिथं गरम पाणी आणून देणारा एक चिनी होता. वय त्यांच्याच एवढं. त्याचं नाव जिभेवर बसलं नाही, म्हणून हे त्याला पाणीवाला म्हणायचे. आण्णांनी सकाळी तळहातावर लिंग घेतलं की तो थांबून बघायचा. पहिल्या दिवशी हसला. मग एक दिवस त्यानं आपणहून वाटीभर पाणी वेगळं काढून आणलं, कुणाचं उष्टं नसलेलं, आणि तेव्हापासून रोज आणत राहिला. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती. एका सकाळी एकाएकी झडती सुरू झाली. पहारेकरी जवळचं सगळं काढून घेत होते. आण्णांच्या गळ्यात चांदीची करडगी. पाणीवाल्यानं डोळ्यांनी खूण केली, हात पुढं केला. आण्णांनी करडगीसकट लिंग त्याच्या हातावर ठेवलं, त्यानं ते आपल्या कापसाच्या कोटाच्या आतल्या खिशात टाकलं. नंतर परत देणार होता. पण त्याच दिवशी यांना ट्रकमध्ये घालून दुसऱ्या छावणीला हलवलं. ट्रक हलला तेव्हा तो कुंपणापाशी खिशावर हात ठेवून उभा होता.

"परत आल्यावर लष्करातले सायेब आमाला विचारायचे, चिनी तुमच्याशी कसं वागले, कुणी गोड बोललं का. मी न्हाई म्हणून सांगिटलं. घरात सांगिटलं, ऱ्हायलं तिकडं. बाई, माझा सवाल येवडाच हाय. तुमच्याकडच्या असल्या साध्या माणसाजवळ परक्याचा देव ठेवाय दिला, तर तो काय करील?"

हजेरीची पोरंसुद्धा मागं वळून बघत होती. एवढी वर्षं ज्याच्या चुलीपुढं मल्लव्वानं काढली, त्याची ही गोष्ट तिला कॉलेजच्या पोरांबरोबर कळत होती.

मिश्रा हळू हळू चिनीत सांगत गेले. वेनबाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी जे सांगितलं ते मिश्रांनी एकेक वाक्य थांबत हिंदीत आणलं.

"मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाही. तो तुमच्या वयाचा असेल, तर त्याच्या घरातही पूर्वजांची पाटी असणार. ठेवायला दिलेली वस्तू त्यानं जपली असणार, सुरुवातीला तरी. पण तुम्ही परत गेल्यावर काही वर्षांनी आमच्याकडं असा काळ आला की घरात जुना देव सापडणं हा गुन्हा होता. परक्या देशाच्या शिपायाचा देव सापडला असता तर त्याहून वाईट. माझ्या आजीनं आमच्या पूर्वजांची पाटी स्वतःच्या हातानं चुलीत घातली. जाळताना ती त्यांची माफी मागत होती. मी शेजारी उभी होते. तुमच्या माणसानं काय केलं, मला माहीत नाही. पुरलं असेल, नदीत टाकलं असेल. जवळ ठेवलं असेल, तर त्याचं काय झालं असेल, हे मला बोलवत नाही."

आण्णा उभेच होते. त्यांनी हात जोडले. "टाकलं असंल तर बरं झालं," ते म्हणाले. मराठी मिश्रांना कळलं नाही, म्हणून पुन्हा हिंदीत म्हणाले, "फेंक दिया हो तो अच्छा हुआ, बाईजी. आदमी बचना चाहिए."

वेनबाई व्यासपीठावरून खाली आल्या. आण्णांच्या समोर उभं राहून त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, आपल्याकडं वडीलधाऱ्याला करतात तेवढा खाली. आण्णा गोंधळून "नको नको" म्हणत राहिले.

घरी परतताना रिक्षा नको म्हणाले. दोघं सावकाश चालत रंकाळ्याच्या कडेनं निघाले. मल्लव्वाला राग आवरेना.

"मला का न्हाई सांगिटलं?"

"सांगिटलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"काय म्हणाली असते?"

"म्हणाली असतीस, टाकलं असंल त्यानं कवाच. तुमी दुसरं घ्या."

तिनं नेमकं तेच म्हटलं असतं.

"म्हणून न्हाई सांगिटलं," आण्णा म्हणाले. "खिशावर हात ठिवून हुबा होता गं तो. म्या दुसरं घेतलं असतं म्हंजे त्यानं टाकलं असं म्याच म्हणल्यागत झालं असतं. मला वाटायचं, त्यो सांभाळतोय. आपुण त्याला खोटं पाडायचं न्हाई."

पुढं ते बाकावर टेकले. दम लागला होता. मल्लव्वानं पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. मग ते बोलले तेव्हा आवाज निराळाच होता.

"आज कळलं बग. त्यो सांभाळत बसला असंल तर माझ्यापायी मेला असंल. आणि मी हितं रोज मनात म्हणतोय, सांभाळ बाबा, सांभाळ. माझं वज्जं मी त्याच्या गळ्यात बांधून ठिवलंय, मल्लव्वा. आता सोडवाय पायजे त्याला."

"म्हंजे?"

"आय्यांना बोलव. माझं माझ्या गळ्यात घेतो."

इतक्या वर्षांचं मागणं असं रस्त्याकडच्या बाकावर पदरात पडलं, आणि तिला रडू आलं ते त्याच्या आनंदानं नव्हे. त्या अनोळखी पाणीवाल्याच्या बायकोचा विचार तिच्या मनात आला होता. तिनंही कोटाचा खिसा धुताना ते लिंग पाहिलं असेल का, नवऱ्याला विचारलं असेल का हे काय म्हणून, आणि त्यानंही सांगितलं नसेल.

सोमवारी आय्या आले. भूमिका आली, नवरा-पोरांना घेऊन. मल्लव्वानं खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, रांधली होती, घरभर गुळाचा आणि वेलदोड्याचा वास होता. आय्या रीतीचे कडक. पहिलं लिंग कुठं गेलं ते ऐकल्याशिवाय दुसरं बांधता येत नाही, म्हणाले. आण्णांनी सगळं सांगितलं. आय्यांनी ऐकून घेतलं आणि प्रायश्चित्ताचा विधी सांगितला. आण्णांनी तो खाली मान घालून केला.

मग आण्णा म्हणाले, "आय्या, आजचं पयलं ताट त्याच्या नावानं वाढायचं हाय. पाणीवाल्याच्या."

आय्यांच्या हातातली विभूती तशीच राहिली. "आण्णा, त्यो आपल्यातला न्हाई. नाव ठावं न्हाई, गोत ठावं न्हाई. जित्ता हाय का न्हाई ते ठावं न्हाई. कुणाच्या नावानं वाढायचं? नात्यातला असता तर गोष्ट येगळी हुती."

भूमिका काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. आण्णांना वाद घालता येत नव्हता, कधीच आला नव्हता. मल्लव्वा स्वयंपाकघराच्या दारात हुग्गीचं पातेलं घेऊन उभी होती. हीच बाई आयुष्यभर सोवळ्याओवळ्याला धरून राहिलेली, शेजारणीच्या हातचं पाणीही विचार करून पिणारी. आता आय्यांनी नाही म्हटलं आणि आण्णा पाटावरून उठले, तर पुढच्या वेळी ते बसायला असतील की नाही, तिला माहीत नव्हतं. आणि आय्यांचं ऐकून ताट नाही वाढलं, तर आण्णा मुकाट्यानं लिंग घेतीलही, पण ते तिच्यासाठी घेतलेलं असेल.

"नात्यातला हाय की," ती म्हणाली.

आय्यांनी वर बघितलं. "कोण लागतो?"

"माझा दीर. ह्यांच्या देवाला रोज पाणी दिलंय त्यानं, मी ह्या घरात यायच्या आदी. देवाला पाणी द्यायला असतो तो घरचाच की, आय्या. आणि काय पायजे?"

भूमिकेच्या धाकट्या पोरीनं मध्येच विचारलं, "आज्जी, दीर म्हंजे काका न्हवं? मग त्यो का आला न्हाई?" कुणी तिला गप्प केलं नाही.

"बरं," आय्या म्हणाले. "वाढा."

मल्लव्वानं केळीचं पान घेतलं, हुग्गी वाढली, वर तूप सोडलं, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला. आय्यांनी मंत्र म्हटला. नावाच्या जागी ते क्षणभर अडले आणि मग "ह्या घरचा धाकटा" असं म्हणून पुढं गेले. आण्णांनी मान वर केली नाही. मग आय्यांनी त्यांच्या गळ्यात शिवदार बांधलं, लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. तारा ओढून राठ झालेल्या त्या हातात ते अगदी इवलंसं दिसत होतं. त्यावर घातलेलं पाणी बाजूला सांडत होतं.

मल्लव्वानं पातेलं खाली ठेवलं, हात धुतले आणि शेजारच्या पाटावर जाऊन बसली. आपलं लिंग काढून तिनंही तळहातावर घेतलं.

"सावकाश," ती म्हणाली. "गडबड न्हाई कसली."